रक्तातील कार्बन नॅनोकण: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मानवी शरीराच्या वजनात सुमारे १८ टक्के कार्बन असतो, तेव्हा कार्बनचे नॅनोकण, म्हणजे साधारणतः १ ते १०० नॅनोमीटर आकाराचे कण, रक्ताला परके वाटणार नाहीत, हा समज रूढ असला तरी त्यात तथ्य नाही. शरीरातील कार्बन प्रथिने, मेद आणि शर्करा यांच्या रेणूंत बांधलेला असतो. नॅनोकण मात्र घन पृष्ठभाग घेऊन येतो आणि रक्ताचा संबंध त्या पृष्ठभागाशीच येतो. विषबाधा झालेल्या रुग्णाचे रक्त सक्रिय कोळशातून गाळण्याच्या उपचारात कोळसा उघडा असला की बिंबिका, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या सूक्ष्म पेशी, त्याला चिकटून घटत. म्हणून पुढे त्यावर पातळ आवरण चढवले जाऊ लागले.

याच्या उलट, कार्बनचा प्रत्येक नॅनोकण ॲस्बेस्टॉससारखा घातक असतो, हेही खरे नाही. २००८ मध्ये उंदरांच्या उदरपोकळीत सोडलेल्या कार्बनच्या लांब, ताठ, बहुभित्ती (एकात एक भिंती असलेल्या) नॅनोनळ्यांनी तशी दाहक्रिया घडवली, पण आखूड वा गुंता झालेल्या नळ्यांनी ती घडवली नाही. शिवाय तो प्रयोग रक्ताविषयी नव्हताच. रक्ताबाबत २००५ चा प्रयोग अधिक बोलका आहे, कारण त्यात कार्बनच्या नळ्यांमुळे मानवी बिंबिकांच्या गुठळ्या झाल्या, तर त्याच मूलद्रव्याच्या, ६० अणूंच्या गोलाकार फुलरिनमुळे झाल्या नाहीत. त्यामुळे ‘कार्बन सुरक्षित आहे का’ हा प्रश्नच सदोष ठरतो.

रक्तात शिरलेला कण कोरा राहत नाही. काही क्षणांत अल्ब्युमिन, फायब्रिनोजेन यांसारखी प्रथिने त्यावर थर चढवतात आणि यकृत व प्लीहेतील भक्षकपेशी त्या थरावरून त्याला ओळखून गिळतात. असे कण शरीरात कायमचेच साचतात असेही नाही. श्वेतपेशींतील मायलोपेरॉक्सिडेज हे विकर एकभित्ती नळ्यांचे विघटन करू शकते, असे २०१० मध्ये दाखवले गेले. अर्थात, सर्वच कणांना हे लागू पडत नाही.

करोना लसींत ग्राफीन, म्हणजे कार्बनची एका अणूएवढ्या जाडीची चादर, मिसळल्याची अफवा निराधार होती. पुण्यात तयार झालेल्या कोविशील्डच्या घटकसूचीत हिस्टिडीन, साखर, मीठ, पॉलिसॉर्बेट असे पदार्थ आहेत, ग्राफीन नाही. कार्बनचे कण शरीरात जातात ते मुख्यतः श्वासावाटे: बेल्जियममधील संशोधकांना २०१९ मध्ये धुरातील काजळीचे कण वारेच्या गर्भाकडील बाजूसही आढळले, आणि तेथवर ते मातेच्या रक्तातूनच पोहोचू शकतात.