पेशवाई बुडाली, पटकी आली. मग फौजेतल्या शिपायांचं काय झालं?

अकोल्याहून वाशिमला निघालं, पातूरचा घाट चढला की मेडशी लागतं. दोनशे वर्षांपूर्वी या भागात निजामाचं राज्य होतं आणि गावकऱ्यांना धास्ती होती ती पेंढाऱ्यांची आणि बेकार झालेल्या शिपायांची.

१८१८ साली पेशवाई संपली, हे आपण शाळेत शिकतो. पण त्या फौजेतले हजारो स्वार आणि प्यादे नंतर गेले कुठं?

लढाईसोबत आलेली साथ

ऑगस्ट १८१७ मध्ये बंगालमधल्या जेसोरला पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ उसळली. नोव्हेंबरमध्ये ती बुंदेलखंडात गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या छावणीत शिरली. हे सैन्य पेंढाऱ्यांवर निघालं होतं. काही दिवसांतच तिथं हजारो माणसं गेली. त्यात लढणाऱ्यांपेक्षा बुणगे, म्हणजे फौजेसोबतचे नोकरचाकर आणि हमालच जास्त होते. पुढच्या वर्षी साथ दख्खनमध्ये पोहोचली. शिपाई घरी परतत होते, तेव्हाच गावात लोक मरीआईला साकडं घालत होते.

दोन महिन्यांत घरी जा!

११ फेब्रुवारी १८१८ ला एल्फिन्स्टनने साताऱ्यात जाहीरनामा काढला. बाजीरावाची चाकरी सोडून दोन महिन्यांत घरी परता. वतनं आणि इनामं कायम राहतील, असं त्यात होतं.

आता ज्याला वतन होतं, त्याचं भागलं. मराठा शिपाई तसाही दसऱ्याला मोहिमेवर निघायचा आणि पावसाळ्यात शेतावर यायचा. शिलेदाराचा घोडा स्वतःचा असायचा, अडचणीत तो विकता तरी यायचा. बारगिराचा घोडा मात्र सरकारी किंवा सरदाराचा. चाकरी गेली की घोडाही गेला.

कुणाला जमीन, कुणाला फाशी

करीमखान पेंढारी इंग्रजांना शरण गेला. त्याला गोरखपूरकडे जमीन मिळाली आणि तो तिथं स्थिरावला. चितू पेंढारी शरण गेला नाही. असीरगडाकडच्या रानात लपून फिरताना वाघाने त्याला मारलं.

मेडशीच्या दक्षिणेला, हिंगोली-नांदेड पट्ट्यात तर लढाई संपलीच नव्हती. जानेवारी १८१९ मध्ये हैदराबादच्या फौजेने नौसाजी नाईकांच्या नोव्हा किल्ल्याला वेढा घातला. आतून लढणाऱ्यांत भाडोत्री अरब शिपाई होते. लढणं हेच त्यांचं पोट होतं.

पुरंदरच्या रामोश्यांकडे किल्ल्याची राखण होती. ती गेली, हक्कही गेले. त्यातूनच उमाजी नाईकांचं बंड उभं राहिलं. ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात त्यांना फाशी देण्यात आली.

खानदेशात इंग्रजांनी दुसरी वाट धरली. भिल्लांचा बंदोबस्त नुसत्या फौजेने होईना, तेव्हा १८२५ मध्ये आउट्रॅमने त्यांचीच पलटण उभी केली, भिल्ल कोअर. कालपर्यंत ज्यांच्या मागे सरकार लागलं होतं, ते आता पगार घेऊन मुलखाची राखण करू लागले.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी दिसते. जमीन किंवा पगार मिळाला, तो शिपाई गावात रमला. ज्याचं दोन्ही गेलं, त्याची लढाई १८१८ नंतरही चालूच राहिली.