चांदीडोंगरीचा दगड आणि उजेडाची चढण

दवनीवाड्याहून गोंदियाला येऊन हावड्याकडची गाडी धरली, की पुढे छत्तीसगडातले डोंगरगढ लागते. त्या परिसरातील ग्रॅनाइटमध्ये, चांदीडोंगरी येथे फ्लोराइट सापडते. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगाव येथेही. कॅल्शियम आणि फ्लोरिनचा हा दगड पोलादाच्या भट्टीत धातुमळी पातळ करण्यासाठी टाकतात. विज्ञानात मात्र त्याचे नाते उजेडाशी आहे. अतिनील किरण झेलून तो निळसर उजळतो. त्यावरूनच १८५२ मध्ये जॉर्ज स्टोक्स यांनी ‘फ्लोरेसन्स’ हा शब्द घडवला.

फ्लोरेसन्समध्ये प्रकाश पायरी उतरतो: जास्त ऊर्जेचा किरण शिरतो, कमी ऊर्जेचा बाहेर पडतो. पायरी चढणेही शक्य आहे. दोन अवरक्त प्रकाशकणांची ऊर्जा एकत्र करून एर्बियम हे मूलद्रव्य एक हिरवा कण सोडते. अडचण असते ती त्याला सामावून घेणाऱ्या पदार्थाची. साध्या सिलिकेट काचेतील अणुबंधांची कंपने जोरकस असतात, त्यांत साठलेली ऊर्जा उष्णता होऊन विरते. फ्लोराइडची कंपने मंद असतात, पण फ्लोराइड काच नाजूक आणि ओलाव्याला हळवी.

१९९३ मध्ये वांग आणि ओवाकी या संशोधकांनी दोन्हींचा मेळ घातला. ऑक्साइड आणि फ्लोराइड एकत्र वितळवून केलेली काच पुन्हा तापवली, की आत फ्लोराइडचे सुमारे २० नॅनोमीटरचे स्फटिक उगवतात. बाहेर काचेचा टणकपणा, आत एर्बियमला निवांत घर. दुधातील स्निग्धकण मोठे असतात, प्रकाश विखुरतात, म्हणून दूध पांढरे. हे स्फटिक प्रकाशलहरीहून फार लहान, म्हणून पदार्थ पारदर्शक राहतो. हेच ऑक्सिफ्लोराइड काच-सिरॅमिक.

लेसर, प्रकाशतंतूंतील संदेशवर्धक, तापमापक अशा उपयोगांसाठी त्याचा अभ्यास चालू आहे. सौरपट्टीला न पचणारा अवरक्त प्रकाश उपयोगात आणण्याची कल्पनाही आहे; पण साध्या उन्हाच्या तीव्रतेत ही चढण फार क्षीण असते. वितळवताना फ्लोरिन वायुरूपाने निसटते, त्यामुळे घटकांचे प्रमाण राखणे कठीण. पहिल्या मिश्रणात विषारी शिसे आणि कॅडमियम होते. पुढे लँथॅनम फ्लोराइडचे, तसेच कॅल्शियम फ्लोराइडचे, म्हणजे फ्लोराइटचेच, स्फटिक वापरले गेले.

मात्र जमिनीत दगड आहे म्हणून असे साहित्य घडत नाही. त्याला कमालीची शुद्धता आणि प्रयोगशाळेची शिस्त लागते. शिवाय हेच फ्लोरिन विहिरीच्या पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेले, तर दात आणि हाडे पोखरते. विदर्भातील अनेक गावांना ते ठाऊक आहे. म्हणून या दगडाच्या उजेडाची गोष्ट सांगताना पाण्याच्या तपासणीची गोष्टही सोबत सांगायला हवी.