रक्तांतील एक अक्षर

विद्यार्थी मित्रांनो, एका अक्षराच्या चुकीनें अर्थाचा अनर्थ कसा होतो, हें तुम्ही शुद्धलेखनाच्या तासास पाहतांच. आपल्या शरीराच्या बहुतेक पेशींतही असाच एक सूक्ष्म लेख असतो. त्यास डीएनए म्हणतात.

याची रचना पीळ घातलेल्या शिडीसारखी आहे, असें वॉटसन व क्रिक यांनीं १९५३ सालीं दाखविलें. रोझालिंड फ्रँकलिन या विदुषीच्या क्ष-किरणांच्या अभ्यासाचा त्यांस मोठा आधार झाला. शिडीच्या दोन्ही बाजू म्हणजे डिऑक्सिरायबोज नांवाची शर्करा व फॉस्फेट यांच्या आळीपाळीनें गुंफलेल्या सांखळ्या होत. पायऱ्या मात्र चार रसायनांच्या असतात. ॲडेनीन थायमीनशींच जुळतें व ग्वानीन सायटोसीनशींच. पहिल्या जोडींत हायड्रोजनचे दोन बंध, तर दुसरींत तीन. म्हणून शिडी मधोमध उकलली तरी एका बाजूवरून दुसरी जशीच्या तशी रचितां येते. या नकलेच्या द्वारेंच आईबापांचा वारसा मुलांकडे येतो.

तीन अक्षरांचा एक शब्द, आणि शब्दागणिक प्रथिनाचा एकेक घटक ठरतो. रक्तास तांबडा रंग देणाऱ्या हिमोग्लोबिनाच्या लेखांत एका ठिकाणीं ॲडेनीनऐवजीं थायमीन आलें, कीं ग्लुटामिक आम्लाच्या जागीं व्हॅलीन बसतें. असा लेख आई व बाप या दोघांकडूनही आला, तर तांबड्या पेशी विळ्याप्रमाणें वांकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. सांधे ठणकतात, रक्त घटतें. हाच सिकलसेल रोग होय. खानदेशांत सातपुड्याच्या कुशींतील भिल्ल, पावरा इत्यादि समाजांत तो विशेष आढळतो.

एकाकडूनच लेख आलेला मनुष्य केवळ वाहक असतो. तो बहुधा निरोगी राहतो. इतकेंच नव्हे, तर हिंवतापाच्या तीव्र आघातापासून त्यास कांहींसें संरक्षणही मिळतें. हिंवतापाच्या प्रदेशांत हा लेख टिकून राहिला, याचें कारण हेंच. परंतु पतिपत्नी दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्यास रोग होण्याचा संभव चारांत एक असतो.

पालकहो, हा देवीचा कोप नव्हे, करणी नव्हे, आणि सुनेचा दोष तर मुळींच नव्हे. २०२३ सालीं भारत सरकारनें सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम आरंभिली. विवाहापूर्वीं मुलगा व मुलगी या दोघांनींही रक्त तपासून घ्यावें. सटवाईनें कपाळीं लिहिलेलें कोणास वाचतां येत नाहीं म्हणतात. हा लेख मात्र थोड्याशा रक्तावरून ओळखतां येतो. तो वेळींच ओळखावा, हें आपल्या हातीं आहे.