भाकरी आणि वजनाचा काटा

वजनाची काळजी हा आता महाविद्यालयीन जीवनाचा नित्याचा विषय झाला आहे. कोणी सकाळची न्याहारी सोडते, कोणी रात्री नुसत्या काकडीवर राहते, तर कोणी व्यायामशाळेतल्या मित्राच्या सांगण्यावरून डबाभर पावडर विकत आणतो. या चर्चेत भाकरीविषयी दोन मते हटकून ऐकू येतात. एक म्हणजे, भाकरी खाल्ली की वजन आपोआप उतरते. दुसरे म्हणजे, भाकरी जड असते, ती शेतात राबणाऱ्यांनी खावी. बाकावर बसून टिपणे काढणाऱ्यांना ती झेपत नाही. मी रसायनशास्त्र शिकवते. वैद्यकी हा माझा प्रांत नव्हे. परंतु पीठ, पाणी आणि उष्णता यांचे नाते माझ्या विषयात बसते, आणि त्या बाजूने पाहिले तर ही दोन्ही मते टिकत नाहीत.

आधी वजनाचे पाहू. आपले वजन योग्य आहे की नाही हे ठरवण्यासाठी बीएमआय नावाचा आकडा वापरतात. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की तो मिळतो. केतले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात ही रीत मांडली आणि १९७२ साली अमेरिकेतील अ‍ॅन्सेल कीज यांनी तिला आजचे नाव दिले. १६० सेंटिमीटर उंचीच्या मुलीचे वजन ५८ किलो असेल, तर ५८ भागिले २.५६, म्हणजे सुमारे २२.७. भारतीयांसाठी साधारणपणे १८.५ ते २३ ही मर्यादा ठीक मानतात. म्हणजे या उंचीच्या मुलीचे वजन साडेसत्तेचाळीसपासून साडेअठ्ठावन्न किलोपर्यंत कुठेही असले तरी चालते. अकरा किलोंची ही ऐसपैस जागा आहे. मैत्रिणीपेक्षा आपण तीन किलोंनी जास्त भरलो म्हणून रडण्याचे काहीच कारण नाही.

पण हा आकडाही सगळे सांगत नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण छापले. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्याच्या लेखी दोघे सारखे; आतून मात्र एकाकडे स्नायू जास्त, दुसऱ्याकडे चरबी जास्त. आपल्याकडे मधुमेह तुलनेने सडपातळ माणसांनाही का गाठतो, याचे एक उत्तर येथे मिळते. म्हणूनच काट्याबरोबर कंबरही मोजावी असे सांगतात. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत असावी.

यातून उपास करून बारीक होणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जेवण तोडले आणि हालचाल वाढवली नाही, तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. काटा खाली येतो, पण शरीर सुधारत नाही. त्यातही मुलींच्या बाबतीत धोका मोठा आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वर्षे वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. वर्गातल्या मुली या वयोगटात मोडतात. ज्यांना आधीच रक्त कमी, त्यांनी जेवणाचे ताट दूर सारणे म्हणजे दुष्काळात विहीर बुजवण्यासारखे आहे. जिने चढताना धाप लागणे, दुपारच्या तासाला डोळ्यांवर झापड येणे, वाचलेले ध्यानात न राहणे, या तक्रारींचे मूळ पुष्कळदा आळसात नसून ताटात असते.

आता पिठाकडे वळू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ३३४ किलोकॅलरी उष्मांक असतात, गव्हाच्या कणकेत ३२०, मैद्यात ३५२ आणि पांढऱ्या तांदळात ३५६. हे आकडे पाहून भाकरीप्रेमी खट्टू होतील. ज्वारी आणि कणीक यांत सांगण्यासारखा फरक नाही! तेव्हा भाकरीने वजन उतरते ही समजूत येथेच निकालात निघते. ६० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीतून सुमारे २०० उष्मांक मिळतात. चार भाकऱ्या खाल्ल्या तर ८०० मिळतात. त्या ज्वारीच्या आहेत म्हणून शरीर सूट देत नाही.

फरक दुसरीकडे आहे. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, कणकेत ११, तर मैदा आणि पांढरा तांदूळ यांत जेमतेम ३. हे तंतू पचत नाहीत. पण ते पोट भरल्याची जाणीव देतात, आतडे साफ ठेवतात आणि साखर रक्तात हळूहळू उतरू देतात. प्रौढ माणसाला रोज किमान २५ ग्रॅम तंतू मिळावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सांगितले. दोन भाकऱ्यांतून त्यांपैकी १२ ग्रॅम मिळतात, म्हणजे जवळजवळ निम्मा वाटा. दुसरा फरक तेलाचा. चपातीच्या कणकेत तेल, घडीत तेल, तव्यावर तेल. तेलाच्या एका लहान चमच्यात, म्हणजे ५ ग्रॅममध्ये, ४५ उष्मांक असतात. भाकरीला तेलाची गरजच पडत नाही. तिचे काम पाण्यावर भागते.

आणि या पाण्यातच तिचे सगळे शास्त्र आहे. गव्हात ग्लुटेन नावाचे चिवट प्रथिन तयार होते, म्हणून कणीक ताणली तरी तुटत नाही आणि पोळी लाटता येते. ज्वारीत ग्लुटेन नाही. (ज्यांना गव्हाचे ग्लुटेन सोसत नाही, त्यांना म्हणूनच ज्वारी चालते.) मग पीठ एकत्र राहते कसे? आपल्या आज्या पिठात आधणाचे पाणी घालतात त्याचे कारण हेच. सुमारे ७० अंशांच्या पुढे ज्वारीतला स्टार्च पाणी शोषून फुगतो आणि खळीसारखा चिकट होतो. ती खळ बाकीच्या पिठाला धरून ठेवते. पीठ जुने झाले की त्याची 'विरी जाते' असे घरी म्हणतात. मग भाकरी थापताना कडेला चिरा पडतात. म्हणून ज्वारी थोडी थोडी दळून आणावी, आणि पीठ चाळून कोंडा टाकू नये. तव्यावर टाकलेल्या भाकरीला वरून पाण्याचा हात फिरवतात, तो पृष्ठभाग एकदम वाळून तडकू नये म्हणून. उलटल्यावर दोन्ही बाजूंना पापुद्रा धरतो, आतल्या पाण्याची वाफ होते आणि तिला वाट न मिळाल्यामुळे भाकरी टम्म फुगते. प्रयोगशाळेत मी वाफेचा दाब शिकवते. त्याचे याहून चवदार उदाहरण मला सापडलेले नाही.

भाकरीची खरी मदत मात्र ती ज्या ताटात पडते त्या ताटामुळे होते. भाकरी कोरडी खाता येत नाही. तिला कोरड्यास लागते: मेथी, अंबाडी, पिठले, मटकीची उसळ, आमटी, कांदा. आपल्या कानडी भाषिक मित्रांच्या घरी तिला जोळद रोट्टी म्हणतात आणि तिच्याबरोबर भरली वांगी, मोडाची कडधान्ये आणि शेंगदाण्याची चटणी येते. नाव बदलते, ताट तेच राहते. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन नावाचा घटक कमी असतो. तो डाळी आणि कडधान्ये भरून काढतात. ज्वारीतले लोह शरीरात सहज शिरत नाही. लिंबाची फोड पिळली की त्याला वाट मिळते, आणि जेवणावर लगेच चहा घेतला की ती वाट अडते. म्हणून चहा तासाभराने घ्यावा. शिवाय भाकरी चावावी लागते. चावण्याला वेळ लागतो, आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायलाही वेळ लागतो. पाव दोन मिनिटांत संपतो. निरोप पोचेपर्यंत दुसरा हातात असतो.

मी पावाची वैरीण नाही. पोर्तुगिजांकडून आलेल्या या शब्दाला आणि पदार्थाला आपल्या जिभेने केव्हाच घरचे करून घेतले आहे. एवढेच सुचवावेसे वाटते की पाकिटावरची घटकांची यादी वाचावी. त्या यादीत जे वजनाने जास्त ते आधी लिहिलेले असते. रंग तपकिरी आणि यादीत पहिले नाव मैद्याचे, असे असेल तर तो रंगाचा पाव, कोंड्याचा नव्हे. घरच्या भाकरीला यादी लागत नाही. पीठ, पाणी, चवीपुरते मीठ, यादी संपली.

येथे एक अडचण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. घरच्या भाकरीचे गुण आपण ताटावर बसून गातो. पण तव्यासमोर, धगीत, मनगट दुखेपर्यंत ती थापते कोण? बहुतेक घरांत आई, आजी किंवा वहिनी. साऱ्यांना गरम वाढून ती स्वतः शेवटची, बुट्टीत उरलेली खाते. कधी तीही उरत नाही. रक्त कमी असणाऱ्या त्या ५७ टक्क्यांत तीही आहे. घरच्या अन्नाचा फायदा घरातल्या एकीच्या आरोग्यावर उभा राहत असेल, तर तो हिशेब चुकीचा आहे. मुलांनीही परातीशी बसावे. पहिल्या आठवड्यात नकाशे होतील, दुसऱ्यात वाटोळी होईल, महिन्याभरात फुगेल. खोली करून राहणाऱ्यांना तेही जमत नसेल, तर आपल्या भागात बायका भाकऱ्या आणि कडक रोट्ट्या करून विकतात. कडक रोट्टीतले पाणी वाळवून काढलेले असते, म्हणून ती पुष्कळ दिवस टिकते.

आपला जिल्हा या बाबतीत भाग्यवान आहे. पश्चिमेला खानापूरकडे पावसाचा, भाताचा मुलूख. पूर्वेला अथणी, सौंदत्तीकडे ज्वारीचा. भातवाल्यांनी भात सोडावा असे मी म्हणणार नाही. भात आणि भाकरी दोन्ही पोटभर, असे मात्र करू नये. एक वाढले की दुसरे तेवढे कमी करावे. रोज अर्धा-पाऊण तास चालावे. काट्यावर महिन्यातून एकदा उभे राहावे, रोज नव्हे; कारण रोजचा किलो-अर्ध्या किलोचा चढउतार बहुधा नुसत्या पाण्याचा असतो. आणि वजन खरोखरच झपाट्याने वाढत किंवा घटत असेल, पाळी चुकत असेल, सतत थकवा असेल, तर मैत्रिणीचा सल्ला न घेता डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासावे.

दोन भाकऱ्या, वाटीभर उसळ, पालेभाजी, कांदा आणि लिंबाची फोड एवढे ताट आधी पुढे घ्यावे, सावकाश जेवावे, आणि ज्या हातांनी ते वाढले त्यांनाही बरोबर जेवायला बसवावे. उष्मांकांचा हिशेब त्यानंतर करावा.