ग्राफिक्स कार्डाची मेमरी
ग्राफिक्स कार्डावरील स्वतंत्र मेमरीत, म्हणजे व्हीरॅममध्ये, खेळातील वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रे, अर्थात टेक्श्चर, साठवली जातात. ही मेमरी अपुरी पडल्यास हीच माहिती संगणकाच्या मुख्य मेमरीतून संथ मार्गाने आणावी लागते आणि खेळ अडखळतो. मात्र मेमरी वाढल्याने चिपची गणनक्षमता वाढत नाही: एनव्हिडियाच्या २०२३ मधील आरटीएक्स ४०६० टीआय कार्डाच्या ८ आणि १६ जीबी आवृत्त्यांत चिप एकच असल्याने, ८ जीबीत मावणारे खेळ दोन्हींवर जवळपास सारखेच चालतात. याउलट आरटीएक्स ३०६० च्या १२ जीबी आवृत्तीत चिप आणि व्हीरॅम यांच्यात माहिती वाहून नेणारा मार्ग १९२ बिट रुंद, तर नंतरच्या ८ जीबी आवृत्तीत तो १२८ बिटच असल्याने, त्याच नावाने विकले जाणारे हे दुसरे कार्ड मंद ठरते, ही ग्राहकाच्या दृष्टीने खेदाची बाब होय. खरेदीदाराने म्हणूनच केवळ जीबीचा आकडा न पाहता चिप आणि मार्गाची रुंदीही तपासावी.