वादळाचा पंचनामा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत वर्षाकाठी सरासरी सुमारे 1200 टोर्नेडो होतात, आणि मेक्सिकोच्या आखातावरून येणारी ऊबदार, दमट हवा, पश्चिमेकडील उंच प्रदेशाची कोरडी हवा व वरच्या थरांतील वेगवान वारे यांची गाठ ज्या दिवसांत मध्यवर्ती मैदानांवर वारंवार पडते, त्या एप्रिल, मे व जून या महिन्यांच्या खाती त्यांचा सर्वांत मोठा वाटा जमा होतो. परंतु महिन्याच्या हिशेबात छापला जाणारा आकडा, पाऊस जसा पर्जन्यमापकात मोजावा, तसा मोजलेला नसतो. तो शेकडो तपासांचा निकाल असतो.

प्रथम येतात त्या खबरी. ‘स्कायवॉर्न’ या योजनेत तयार झालेले स्वयंसेवक, पोलीस आणि शेतकरी यांच्याकडून त्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या स्थानिक कचेरीत पोहोचतात, आणि ओक्लाहोमातील नॉर्मन येथील वादळ-अनुमान केंद्राच्या यादीत त्याच दिवशी दाखल होतात. एकच टोर्नेडो तीन गावांच्या शिवारांतून गेला तर तीन खबरी होतात. म्हणून प्राथमिक आकडा बहुधा फुगलेला असतो. 2011 च्या एप्रिलमध्ये अशा खबरी 850 च्या वर गेल्या होत्या. शहानिशेअंती त्या 750 च्या आसपास उतरल्या, आणि तरीही तो महिना विक्रमीच ठरला.

शहानिशा होते ती जमिनीवर. हवेत उडालेला मलबा आता रडारवर ओळखता येतो हे खरे. तथापि निर्णय द्यावयाचा तो दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष जागी जाऊन पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी. झाडे मार्गाच्या मध्यरेषेकडे वळून एकमेकांवर पडली असतील तर टोर्नेडो, आणि एका बिंदूपासून बाहेर पंख्यासारखी पसरली असतील तर ढगातून कोसळलेला अधोवात. हा भेद ओळखणारे शिकागो विद्यापीठाचे तेत्सुया फुजिता 1945 साली नागासाकी व हिरोशिमा येथील विध्वंसाची पाहणी करून आले होते. तेथे स्फोटबिंदूखालून चोहोबाजूंस आडवी झालेली झाडे त्यांनी पाहिली होती, आणि 1974 च्या एप्रिलमध्ये दोन दिवसांत झालेल्या 148 टोर्नेडोंचे माग विमानातून न्याहाळताना तशीच रचना त्यांना पुन्हा दिसली. एवढ्या दारुण दृश्यातून शास्त्राला उपयोगी पडणारी नजर घेऊन परतणे, ही मला त्यांच्या बुद्धीइतकीच त्यांच्या मनोधैर्याचीही साक्ष वाटते.

टोर्नेडोची प्रतवारी फुजितांनीच 1971 मध्ये घालून दिली, आणि 2007 पासून तिची सुधारित श्रेणी अमलात आहे. तीत घर, शाळा, झाड, विजेचा खांब असे 28 निर्देशक असून, वेग मोजला जात नाही, नुकसानीवरून अनुमानिला जातो. घर पायापासून उखडले एवढे पाहून अधिकाऱ्याचे समाधान होत नाही. भिंतीचा तळ पायाशी बोल्टने आवळलेला होता की नुसत्या खिळ्यांनी ठोकलेला, हे तो वाकून पाहतो, कारण खिळ्यांवर उभे असलेले घर कितीतरी मंद वाऱ्यानेही जाते.

या पद्धतीची खरी कसोटी 31 मे 2013 रोजी ओक्लाहोमातील एल रीनो येथे लागली. तेथील टोर्नेडो 2.6 मैल रुंद होता. टोर्नेडोंच्या अभ्यासाला आयुष्य वाहिलेले टिम समारास त्यातच मृत्यू पावले. आणि फिरत्या रडारांनी ताशी सुमारे 300 मैलांचा वारा टिपला. तरीही, बहुतांश मार्ग मोकळ्या रानातून गेल्यामुळे पुरावा देणारी घरेच थोडी होती, आणि मागाहून दिलेली सर्वोच्च पाचवी प्रत काढून अखेर मूळची तिसरी प्रतच कायम करण्यात आली. हा निर्णय अनेकांना खटकला. मला तो योग्य वाटतो. कारण संशोधकांचे रडार योगायोगाने जेथे उभे असेल तेथे एक माप आणि इतरत्र दुसरे, असे झाले तर दोन महिन्यांची किंवा दोन दशकांची तुलनाच अशक्य होईल.

तशी ती आजही सोपी नाही. 1950 नंतरच्या पहिल्या दशकांतील टोर्नेडोंची प्रतवारी वृत्तपत्रांच्या जुन्या फायली चाळून मागाहून केलेली आहे, आणि दुर्बळ टोर्नेडोंची संख्या तेव्हापासून वाढलेली दिसते ती मुख्यत्वे पाहणारे डोळे, रस्ते व रडार वाढल्यामुळे. म्हणून दीर्घकालीन कल शोधणारे अभ्यासक बहुधा शून्य प्रतीचे टोर्नेडो बाजूला ठेवतात आणि पहिल्या प्रतीपासूनच मोजणीस आरंभ करतात.