पायाखालचं बेट

वेल्सच्या नैऋत्य टोकाला, पेम्ब्रोकशायरच्या किनाऱ्यावर मार्टिन्स हेवन नावाची खडकांच्या कुशीतली जागा आहे. तिथून बोट निघते आणि पंधरा-वीस मिनिटांत स्कोमर बेटाला लागते. उत्तरेचा वारा धरला की बोटी बंद. एरवीही दिवसाला फक्त 250 माणसांना उतरू देतात. धक्क्यावरच्या उंच पायऱ्या चढून वर गेलं की पहिली ताकीद मिळते: आखलेली पायवाट सोडून एक पाऊलही बाहेर टाकायचं नाही.

सगळे येतात ते पफिन बघायला. काळी पाठ, पांढरं पोट आणि केशरी-लाल चोचीचा हा पक्षी माणसाला बुजत नाही. पायवाटेवर माणसं थांबलेली आणि तो त्यांच्या बुटांशेजारून तुरुतुरु आपल्या बिळाकडे निघालेला, असं इथे नेहमीचंच. चोचीत बारीक मासळीची आडवी ओळ असते. आधीचे मासे न सांडता तो पुढचा मासा कसा पकडतो? त्याच्या जिभेवर आणि टाळूवर मागे वळलेले काटे असतात. जीभ पकडलेले मासे टाळूशी दाबून धरते आणि चोच पुन्हा उघडायला मोकळी राहते. ती रंगीत चोचही बाराही महिने तशी नसते. विणीचा हंगाम सरला की तिच्यावरची रंगीत आवरणं गळून पडतात.

पफिन लोभस आहेतच. पण दुपारच्या बोटीने परतणाऱ्याला खरं स्कोमर दिसलेलंच नसतं. ते त्याच्या पायाखाली असतं.

तिथे मँक्स शिअरवॉटर हा काळा-पांढरा समुद्रपक्षी राहतो. तीन चौरस किलोमीटरही न भरणाऱ्या या बेटावर 2018 च्या गणनेत त्याच्या सुमारे साडेतीन लाख जोड्या असल्याचा अंदाज निघाला. जगातले निम्म्याच्या आसपास शिअरवॉटर या एका बेटाच्या पोटात अंडी घालतात. मध्ययुगात मांसासाठी आणि कातड्यासाठी इथे ससे आणून सोडले होते. त्यांनी उकरलेल्या आणि पक्ष्यांनी स्वतः खणलेल्या बिळांनी जमिनीची पार चाळण झाली आहे. वाकडं पाऊल पडलं तर छत कोसळून आतलं अंडं चिरडतं. ताकीद एवढी कडक आहे ती म्हणून.

दिवसा मात्र यातला एकही जमिनीवर दिसत नाही. त्याचे पाय शरीराच्या इतके मागे असतात की पोहायला उत्तम, पण चालायला निकामी. जमिनीवर तो छाती घासत सरपटतो आणि मोठे काळ्या पाठीचे कुरव त्याला फाडून खातात. पायवाटेच्या कडेला पडलेले पंख त्याची साक्ष देतात. म्हणून तो अंधार पडल्यावरच समुद्रातून घरी येतो. मग सगळं आकाश घोगऱ्या, गुदमरल्यासारख्या ओरडण्याने भरून जातं आणि जमिनीखालून जोडीदार उत्तर देतात. लाखो बिळांतून आपलं नेमकं बीळ तो काळोखात गाठतो, हे मला पफिनच्या चोचीपेक्षा कितीतरी थोर वाटतं.

वाट शोधण्याची ही ताकद केवढी आहे ते 1952 मध्ये दिसलं. शेजारच्या स्कोकहोम बेटावरून नेलेला एक शिअरवॉटर अमेरिकेत बॉस्टनला सोडण्यात आला. त्याने तो समुद्र कधी पाहिला असण्याची शक्यता जवळजवळ नव्हती. साडेबारा दिवसांत अटलांटिक ओलांडून तो आपल्या बिळात हजर झाला. त्याला सोडल्याचं कळवणारं पत्र त्याच्यानंतर पोचलं!

पिल्लाची गोष्ट तर याहून विलक्षण. वर्षाला एकच अंडं. ते सुमारे पन्नास दिवस उबवतात आणि पिल्लाला सत्तरेक दिवस वाढवतात. आईबापांपेक्षाही वजनदार झालेल्या पिल्लाला ते एके दिवशी भरवायचे थांबतात आणि दक्षिणेकडे निघून जातात. काही दिवसांनी पिल्लू रात्री बिळाबाहेर येतं, पंख फडफडवून बघतं आणि एकटंच उडतं, ते थेट दक्षिण अमेरिकेच्या समुद्राकडे. अंतर दहा हजार किलोमीटरच्या घरात, बरोबर वाटाड्या कोणी नाही. पुढे या जातीचे काही पक्षी पन्नासहून अधिक वर्षं जगल्याचं अभ्यासकांनी पायात घातलेल्या कड्यांवरून सिद्ध झालं आहे.

हे सगळं टिकलं, कारण स्कोमरवर उंदीर कधी पोचले नाहीत. जवळच्या रॅम्झी बेटावर त्यांनी बिळांतली अंडी-पिल्लं फस्त केली होती. 1999-2000 च्या हिवाळ्यात तिथले उंदीर संपवले आणि शिअरवॉटरची संख्या अनेक पटींनी वाढली. एका पिशवीतून आलेली गाभण उंदरीण स्कोमरचा घात करू शकते. तेव्हा बोटीत चढण्यापूर्वी स्वतःची पिशवी उलगडून नीट तपासा.

पफिन जुलैअखेर निघून जातात, म्हणून मे ते जुलै हा काळ उत्तम. बेटावरच्या जुन्या शेतघरात मोजक्या जणांची राहायची सोय होते. ती मिळाली तर सोडू नका आणि तारीख अमावास्येच्या आसपासची घ्या. चांदण्यात कुरवांना शिकार दिसते, त्यामुळे उजेड्या रात्री शिअरवॉटर कमी उतरतात.